एक कपाट एकत्र मांडा: वस्तुसंग्रहालयांच्या विश्वस्तांना आणि अभिरक्षकांना खुले पत्र

माननीय विश्वस्त, संचालक आणि अभिरक्षक,

सप्रेम नमस्कार.

मागणी आधी सांगते, कारणे मागाहून. तुमच्या संग्रहात युरोपातल्या पोर्सेलीनच्या, म्हणजे उंची पांढऱ्या चिनी मातीच्या, मूर्ती असतील आणि जपानी पोर्सेलीनही असेल, तर दोन्हींतल्या मोजक्या वस्तू एकाच काचेच्या कपाटात शेजारी शेजारी ठेवा. नवे दालन नको, नवी खरेदी नको. फक्त एक कपाट.

मी पोर्सेलीनवर काम करते आणि थोडेफार शिकवते. विद्यार्थ्यांना संग्रहालयात घेऊन जायचे म्हटले की अडचण नेहमी एकच येते. हैदराबादचे सालारजंग घ्या. नांदेड-परभणीकडच्या कित्येक शाळांची सहल तिथे जाते. युरोपातल्या वस्तू पश्चिमेकडच्या इमारतीत आणि जपान-चीनच्या पूर्वेकडच्या इमारतीत. मुले एका टोकाला जर्मनीतल्या मायसन कारखान्याच्या धाटणीची मूर्ती पाहतात, मग घड्याळाचे टोल ऐकायला धावतात, मग जेवणाचे डबे उघडतात, आणि जपान येईपर्यंत आधीचे सगळे विसरलेली असतात. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्याकडून आलेला चिनी-जपानी कलावस्तूंचा मोठा ठेवा आहे. तोही त्या त्या देशाच्या नावाखालीच पाहावा लागतो. हा काही कुणाचा दोष नव्हे, जगभर हीच पद्धत आहे. देशवार मांडणी नोंदवहीला सोयीची असते. पण पोर्सेलीन ही चीज देशवार वाढलेलीच नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

सुरुवात क्यूशू बेटावरच्या आरिता गावापासून करावी लागते. सतराव्या शतकाच्या आरंभी तिथे पोर्सेलीनची दगडमाती सापडली आणि कोरियातून आणलेल्या कुंभारांच्या हातांनी जपानचे पहिले पोर्सेलीन घडले. म्हणजे जपानसुद्धा ही विद्या शेजाऱ्याकडूनच शिकला, आणि शेजारी चीनकडून. १६४४ मध्ये मिंग सत्ता कोसळली, चीनमध्ये धुमश्चक्री माजली, भट्ट्यांतून बाहेर जाणारा माल आटला. डच ईस्ट इंडिया कंपनीला गिऱ्हाईक तर तुटू द्यायचे नव्हते. नागासाकीच्या बंदरातल्या देशिमा या चिमुकल्या बेटावर डचांना तेवढी व्यापाराची परवानगी होती. १६५९ मध्ये त्यांनी आरिताला पन्नास हजारांहून जास्त नगांची मागणी नोंदवली. हीच ती कंपनी, जिची वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती आणि जिचे पडके अवशेष आजही उभे आहेत.

या मालात ताटल्या-वाडगे बहुसंख्य होते, पण पुतळ्याही होत्या. किमोनो घातलेल्या स्त्रिया, गो या बैठ्या खेळाच्या पटावर बसलेला मुलगा, कोंबडे, वाघ, कुस्ती खेळणारी जोडी. इंग्लंडमधल्या बर्ली हाउसच्या १६८८ च्या यादीत अशा कुस्तीगिरांची नोंद आहे, म्हणजे तोवर या मूर्ती इंग्रज सरदारांच्या दिवाणखान्यात पोचल्या होत्या. आरिताच्याच काकिएमोन शैलीतली (कोऱ्या पांढऱ्यावर मोजके रंग) हत्तींची एक जोडी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पांढरीशुभ्र अंगे, उचललेल्या सोंडा, पाठीवर रंगीत झुली. आपल्याकडचा माणूस ती पाहून आधी हसतो. अंगाची ठेवण भलतीच आहे. घडवणाऱ्याने हत्ती बहुधा कधी पाहिलाच नसणार, चित्रावरून किंवा ऐकीव वर्णनावरून साचा केला असणार. पण त्या हत्तींना आब आहे. झुलीपुरता रंग आणि बाकी अंग कोरे सोडण्याचे धाडस आहे. युरोपला भुरळ पडली ती याच कोरेपणाची, असे माझे मत. तिकडच्या राजवाड्यांत तोवर सोने, आरसे आणि नक्षी यांनी एक इंच भिंत मोकळी ठेवली नव्हती.

भुरळ कुठल्या थराला गेली ते ड्रेस्डेनला दिसते. जर्मनीतल्या सॅक्सनीचा इलेक्टर, म्हणजे तिथला राज्यकर्ता, आणि पोलंडचा राजा ऑगस्टस हा पोर्सेलीनने झपाटलेला माणूस. बलदंड म्हणून त्याची ख्याती होती, पण या पांढऱ्या मातीपुढे त्याचे काही चालत नसे. त्याच्या कैदेत असलेला किमयागार योहान फ्रीडरिश ब्यॉटगर आणि शास्त्रज्ञ चिर्नहाउस यांच्या खटपटीतून १७०८ च्या सुमारास युरोपला खऱ्या पोर्सेलीनची गुरुकिल्ली मिळाली, आणि १७१० मध्ये मायसनचा कारखाना उभा राहिला. पण माती सापडली म्हणून आकार सापडत नाही. काय घडवायचे, कसे रंगवायचे, किती जागा मोकळी सोडायची, याचे धडे राजाच्या जपानी आणि चिनी संग्रहातूनच घेतले गेले. राजाच्या मालकीच्या जपानी वस्तू थेट कारखान्यात पाठवल्या जात आणि कामगार त्या समोर ठेवून नक्कल करत.

याच राजाने एल्बे नदीकाठचा एक महाल विकत घेऊन त्याला जपानी महाल म्हणायला सुरुवात केली. बेत असा होता की खालच्या मजल्यावर जपान-चीनचे पोर्सेलीन आणि वरच्या मजल्यावर मायसनचे. छतावर चित्र काढायचे ठरले होते: सॅक्सनी आणि जपान आपापली भांडी घेऊन मिनर्व्हा देवीपुढे उभे, आणि देवीचा कौल सॅक्सनीला! पंचही आपला, निकालही आपला. महाल त्या बेताप्रमाणे कधीच पुरा झाला नाही. पण बघा, दोन्ही एका छपराखाली मांडल्याशिवाय मायसनची थोरवी कळणार नाही हे त्या गर्विष्ठ राजालाही उमगले होते. मी तीच मांडणी मागते आहे, कौल मात्र कुणालाच न देता.

वरच्या मजल्यासाठी त्याने जवळजवळ ६०० मोठे प्राणी आणि पक्षी पोर्सेलीनमध्ये घडवायचा हुकूम सोडला. काही खऱ्या आकाराचे. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे वाचूनच घाम फुटतो. पोर्सेलीन भाजताना जवळजवळ सहाव्या हिश्श्याने आकसते. भट्टीच्या कडक आचेत ते क्षणभर मऊ पडते, स्वतःच्याच वजनाने बसते. पातळ कपाला ते सोसते. मीटरभर उंचीच्या पोकळ प्राण्याला कसे सोसेल? पाय आकसतात एका वेगाने, धड दुसऱ्या वेगाने, आणि सांध्यावर तडा जातो. त्या मूर्तींच्या अंगावर हे तडे आजही उघड दिसतात. पुन्हा भट्टीत घालायची छाती कुणाला होणार? म्हणून काहींवर न भाजता साधा तेलरंग दिला गेला आणि तो पुढे पोपडे धरून निघून गेला. आज ते प्राणी पांढरे दिसतात आणि पाहणारे म्हणतात, वा, काय संयम!

योहान गोटलीब किर्शनर या पहिल्या मूर्तिकाराने केलेल्या प्राण्यांत एक गेंडा आहे. त्याची कुंडली आपल्या किनाऱ्याची आहे. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेट दिलेला गेंडा १५१५ च्या आरंभी गोव्याहून जहाजात चढला आणि मे महिन्यात लिस्बनला उतरला. जर्मन चित्रकार ड्युररने तो न पाहता, कुणाच्या पत्रावरून आणि रेखाटनावरून, चिलखत घातल्यासारखा कोरला. त्या छापचित्रावरून दोनशे वर्षांनी मायसनचा गेंडा झाला. आरिताच्या कुंभाराने न पाहता केलेला हत्ती आणि किर्शनरने न पाहता केलेला गेंडा! दोन्ही आपल्याकडचे प्राणी. त्यांची चित्रे शेजारी लावलीत तर फलकाचे अर्धे काम तेच करतील.

१७३१ मध्ये योहान योआकिम केंडलर कारखान्यात आला आणि चित्र बदलले. त्याने राजाच्या प्राणिसंग्रहात जाऊन जिवंत जनावरे पाहिली. त्याचे बगळे मानेला झोके देतात, त्याची शेळी पिलाला पाजताना अंग सैल सोडते. इथे मला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे, कारण माझ्यासारख्यांचा उत्साह कधी कधी वाहवत जातो. केंडलरचे हे प्राणी जपानी शैलीतले नाहीत. त्यांचे वळण बरोक शिल्पाचे आहे. त्याचे हार्लेक्विन (नाटकातले विदूषक), त्याची प्रेमी युगुले, फुगीर झग्यातल्या बायका, यांतही जपान शोधायला जाऊ नये. जपानचे ऋण इथे वेगळ्या जातीचे आहे. पोर्सेलीन ही केवळ ताटली करायची माती नसून मूर्तीची माती आहे, आणि मूर्ती दिवाणखान्यात मानाने ठेवता येते, हे युरोपने पूर्वेकडून आलेल्या पुतळ्या पाहून ओळखले. त्यात चीनमधल्या देहुआच्या पांढऱ्या मूर्तींचाही वाटा मोठा. फलकावर "जपानी प्रभाव" हा शिक्का सरसकट मारू नका, नाहीतर एक चूक खोडून दुसरी लिहिल्यासारखे होईल.

सरळ नक्कल कुठे झाली ते मात्र रोखठोक सांगता येते, आणि त्यामागे एक झकास भानगड आहे. रुडॉल्फ लमेर नावाचा पॅरिसचा व्यापारी. जुन्या जपानी मालाला पॅरिसमध्ये तुफान भाव होता. १७२९ च्या सुमारास त्याने सॅक्सनीचा मंत्री काउंट होयम याच्याशी संधान बांधले आणि काकिएमोनच्या हुबेहूब नकला मायसनकडून करून घेतल्या. अट अशी की कारखान्याची खूण, एकमेकींना छेदणाऱ्या त्या दोन तलवारी, झिलईच्या, म्हणजे काचेसारख्या थराच्या, वर काढायची किंवा काढायचीच नाही. झिलईखालचा रंग काचेत बंद होतो, तो निघत नाही. झिलईवरचा घासून काढता येतो. खूण पुसली की मायसनचा माल पॅरिसमध्ये जपानी म्हणून खपवायला मोकळे! १७३१ मध्ये बिंग फुटले, होयम अटकेत गेला, आणि जप्त झालेल्या वस्तू कुठे ठेवल्या? जपानी महालातच. पुढे १७३६ मध्ये होयमने कैदेतच जीव दिला.

आता यातून तुमच्या कपाटाला काय उपयोग? खूप. अस्सल आरिता ताटलीच्या बुडाला पुष्कळदा बारीक टिंबांसारखे फोड दिसतात. भट्टीत ताटलीचे पोट खाली बसू नये म्हणून तिला मातीच्या छोट्या शंकूंचे टेकू देत आणि काढताना त्यांचे टोक चिकटून राही. मायसनची माती आणि भाजण्याची रीत वेगळी, तिथे हे टेकू दिसत नाहीत. वरून पाहाल तर दोन्हीकडे तीच लाव्हरी, तेच प्लमचे झाड, कडेला तीच तपकिरी रेघ. उलटे केले की सत्य बाहेर पडते. म्हणून माझी दुसरी विनंती: कपाटाच्या तळाशी आरसा बसवा. पोर्सेलीनची जन्मकथा बुडावर लिहिलेली असते आणि आपण ते बूड लाकडी फळीवर टेकवून ठेवतो. ड्रेस्डेनच्या जुन्या यादीतले आकडेसुद्धा वस्तूंच्या बुडावरच कोरलेले आहेत.

त्या यादीचा मासलाही पाहण्यासारखा आहे. काकिएमोनच्या वस्तू तिथे "जुन्या इंडियन" या सदरात घातलेल्या होत्या. मायसनच्या दरबारी जेवणासाठी राखून ठेवलेल्या एका जपानी नक्षीचे नाव "पिवळा सिंह" असे पडले. बांबूला विळखा घालणारा तो प्राणी पट्टेरी वाघ आहे, हे आपल्याकडचे शेंबडे पोरही सांगेल. तेव्हा फलक लिहिताना गोंधळ होणे ही फार जुनी आणि प्रतिष्ठित परंपरा आहे, तिची लाज वाटायचे कारण नाही. ती चालू ठेवायचेही नाही.

फ्रान्स आणि इंग्लंडबद्दल थोडक्यात. शांतियीला कोंदे घराण्याच्या राजपुत्राने कारखाना काढला आणि १७३५ च्या शाही परवान्यात जपानी पद्धतीचे पोर्सेलीन करायचे असे उघडच लिहून घेतले. त्यांच्याकडे खरी पोर्सेलीनची माती नव्हती. म्हणून कथिलाची दुधाळ झिलई चढवून त्यांनी तो पांढरेपणा साधला आणि त्यावर गुबगुबीत पोटाचे पूर्वेकडचे देव बसवले. लंडनच्या चेल्सी कारखान्याने काही नकला जपानी मालावरून आणि काही मायसनने आधीच केलेल्या नकलांवरून केल्या. नकलेची नक्कल. त्यांत तलवारींऐवजी नांगर आला एवढेच.

पुढची शंभर वर्षे जपान मागे पडला. मग १८५३ मध्ये अमेरिकन नौदलाच्या जहाजांनी त्याची दारे ठोठावली, १८६२ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात आणि १८६७ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात जपानी वस्तू मांडल्या गेल्या, आणि युरोपला दुसऱ्यांदा तोच ताप भरला. इंग्लंडमधल्या रॉयल वूस्टर कारखान्याचे संचालक बिन्स यांनी जपानी वस्तू जमवल्या. त्यांचा मूर्तिकार जेम्स हॅडली याने १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनासाठी केलेल्या फुलदाण्यांवर पूर्वेकडचे कुंभार काम करताना उठावात दाखवले आहेत. दिसायला सुरेख, पण मला त्यात पाहुण्याची नजर जास्त दिसते. हस्तिदंत, लाख, बांबू, कासे असे सगळे पोर्सेलीनमध्ये उतरवून दाखवण्याची हौस त्या मालात आहे.

हॅडलीचीच १८८२ ची चहादाणी मात्र मला मनापासून आवडते. एका बाजूने पाहिले तर छातीवर सूर्यफूल लावलेला नाजूकसाजूक तरुण, दुसऱ्या बाजूने लिलीचे फूल लावलेली तरुणी. एक हात कमरेवर, ती मूठ. दुसरा हात मनगटातून लोंबता, ती तोटी. डोक्यावरची टोपी म्हणजे झाकण. जपानी भांडी आणि मोरपिसे यांच्या नादाने वेड्या झालेल्या सौंदर्यवाद्यांची ही टर आहे. बुडावर लिहिलेला मजकूर डार्विनला मध्ये ओढतो: आपल्या चहादाणीला साजेसे जगायला गेलात तर नैसर्गिक निवडीच्या नियमाने काय भीषण परिणाम होतील, अशा अर्थाचा. जपानवेडावर पैसे कमावणाऱ्या कारखान्यानेच जपानवेडाची चेष्टा करावी आणि तीही विकावी! विनोद बुडावर आहे, हेही ध्यानात घ्या. आरसा.

वूस्टरने जपानचे कपडे घातले, पण त्याची चाल उचलली कोपनहेगनने, असे मला वाटते. इथे जरा थांबते, कारण आपल्याकडे घरोघरच्या शोकेसमध्ये जे पोर्सेलीनचे कुत्रे, पक्षी, अस्वले दिसतात त्यांचे पूर्वज इथले आहेत.

१८८५ मध्ये आर्नोल्ड क्रोग हा वास्तुविशारद रॉयल कोपनहेगन या डॅनिश कारखान्याचा कलासंचालक झाला. त्याच वर्षी फिरतीवर असताना पॅरिसमध्ये त्याने सीगफ्रीड बिंग या व्यापाऱ्याकडची जपानी चित्रे आणि वस्तू पाहिल्या. परत येऊन त्याने झिलईवरची रंगीबेरंगी चित्रकला बाजूला सारली आणि झिलईखाली रंगवायचे ठरवले. हा निर्णय म्हणजे स्वतःच्या हातांनी स्वतःची रंगपेटी रिकामी करणे. झिलईखालच्या रंगाला जवळजवळ १४०० अंशांची आच सोसावी लागते. त्या आचेत टिकणारे रंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके: कोबाल्टचा निळा, क्रोमचा हिरवा, सोन्यापासून मिळणारा तांबूस तपकिरी. भडक लाल नाही, पिवळा नाही. दुसरा कुणी रडत बसला असता. क्रोगने जपानी छापचित्रांत पाहिले होते की निळ्याच्या दोन छटा आणि मोकळा कागद एवढ्यावर पाऊस, धुके, समुद्र सगळे उभे राहते. त्याच्या फुलदाण्यांवर डॅनिश किनाऱ्याचे धुरकट आभाळ आले. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात त्या कामाला ग्रां प्री हे मोठे पारितोषिक मिळाले.

मग हीच रीत मूर्तींवर आली. कार्ल फ्रेडरिक लीसबर्ग आणि त्याच्या सोबतच्या मूर्तिकारांनी केलेले प्राणी पाहा. पांढऱ्या अस्वलाच्या अंगाला रंगच नाही, माती हीच कातडी. नाकाशी आणि पंजांशी किंचित करडी-निळी छटा, तीही कुठे संपते ते सांगता येऊ नये अशी विरलेली. ही छटा कुंचल्याने थापलेली नसते. रंग फवाऱ्याने धुक्यासारखा बसवतात आणि नको तिथला पुसून काढतात. बोट चुकीच्या जागी लागले तर भाजून आल्यावरच कळते, कारण भाजण्याआधी रंग भलताच दिसतो.

आता आकार. जपानी माणूस किमोनोच्या कमरपट्ट्याला डबी अडकवताना जे छोटे कोरीव लोलक वापरत असे, त्या नेत्सुकेंनी तेव्हा युरोपातल्या संग्राहकांना वेड लावले होते. नेत्सुकेत काहीही बाहेर आलेले चालत नाही, कापडात अडकते. म्हणून उंदराची शेपूट अंगाभोवती, सशाचे कान पाठीवर दडपलेले, आणि खालची बाजूही वरच्याइतकीच निगुतीने कोरलेली. कोपनहेगनच्या छोट्या प्राण्यांची ठेवण अशीच मिटलेली आहे. ती निव्वळ जपानवरून उचलली असे मी म्हणणार नाही, कारण कडक आचेत बाहेर आलेला कान वाकतो, पाय बसतो, आणि मिटलेला आकार भट्टीतून सुखरूप येतो. जपानी कोरक्याची अडचण कापडाची आणि डॅनिश कारागिराची आगीची. दोघे एकाच आकाराशी येऊन भेटले. मायसनच्या मोठ्या प्राण्यांना जे तडे गेले त्याचे उत्तर दीडशे वर्षांनी असे मिळाले. आपल्या संग्रहांत जपानी कोरीव हस्तिदंत आहे. एखाद्या मिटलेल्या उंदराशेजारी पोर्सेलीनचा मिटलेला प्राणी ठेवून तर बघा.

कोपनहेगनमधल्याच बिंग अँड ग्रॉन्डाल कारखान्यात पिएत्रो क्रोन याने १८८६ ते १८८८ या काळात बगळ्यांचा एक भोजनसंच केला. तिथे बगळा ताटावर चितारलेला आहेच, शिवाय तो भांड्याचा भाग होऊनही उभा राहतो. जेवणाची भांडी आणि शिल्प यांची सीमा पुसणारे हे काम मुळातूनच पाहायला हवे. ते आपल्याकडे नाही, पण छायाचित्र लावता येईल.

कपाटात परतीचा प्रवासही यावा, नाहीतर गोष्ट अर्धीच राहील. १८७० मध्ये गॉटफ्रीड वाग्नर हा जर्मन रसायनतज्ज्ञ आरिताला गेला आणि त्याने तिथल्या कुंभारांना नवा रासायनिक कोबाल्ट आणि कोळशाची भट्टी यांची ओळख करून दिली. ज्या गावाची नक्कल करून जर्मनी शिकली त्या गावाला जर्मन माणूस शिकवायला गेला. १९७९ मध्ये आरिता आणि मायसन ही भगिनी शहरे झाली.

हे धागे आपल्या दारापर्यंत येतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानी कारखान्यांनी इंग्लंडच्या उठावदार टाइलची रीत आत्मसात केली आणि रविवर्मा छापाच्या चित्रांवरून कृष्ण, लक्ष्मी, सरस्वती अशा टाइल करून भारतात पाठवल्या. मुंबईच्या जुन्या घरांत आणि देवळांत त्या भिंतींवर आहेत, आणि पुनर्विकासात रोज कुठेतरी घणाखाली फुटत आहेत. माझ्या मते त्या गोळा करणे हे संग्रहालयांचेच काम आहे, पण तो दुसऱ्या पत्राचा विषय. आणि आज लग्नात आहेर म्हणून येणारा यादरो (Lladró) या कारखान्याचा पोर्सेलीनचा गुळगुळीत गणपती घ्या. तो स्पेनमध्ये वॅलेन्सियाजवळ घडतो. या कारखान्याने गणपतीही केले आणि किमोनोतल्या जपानी स्त्रियाही. उंदीरवाल्या देवाला फिके निळे-करडे रंग कुठून आले असतील याचा अंदाज, कोपनहेगनचे अस्वल शेजारी असेल तर, दहावीतला मुलगाही बांधू शकेल.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. देणगीदारांच्या अटी असतात, संग्रह फोडता येत नाही. विमा, पहारा, काचेची जाडी, फाइलवर सह्या. वस्तू हलवताना फुटली तर जबाबदार कोण? ज्यांच्या हातून रोज काहीतरी फुटते त्या आम्ही ही भीती थट्टेवारी नेणार नाही. म्हणून पायरी पायरीने सुचवते. वस्तू हलवता येत नसतील तर निदान दोन्ही दालनांत एकमेकांची छायाचित्रे लावा: युरोपच्या कपाटात आरिताची ताटली, जपानच्या कपाटात मायसनची. तेवढ्याला कुणाची परवानगी लागू नये. जमले तर तीन महिन्यांपुरते एक तात्पुरते कपाट करा. तेही पेलले तर मग कायमचे.

फलक मराठी, हिंदी, इंग्रजी आणि जिथले संग्रहालय तिथल्या भाषेत असावा. त्यावर चार गोष्टी पुरेत: कुठे घडले, कशावरून घडले, माती आणि झिलई कोणती, बुडावर काय आहे. "उत्कृष्ट कलाकुसरीचा नमुना" हे वाक्य कृपया नको. ते प्रत्येक फलकावर असते आणि कुणीच वाचत नाही.

कपाटासाठी एक गोष्ट मी स्वतः देऊ शकते. एकाच साच्यातून काढलेले तीन छोटे प्राणी: एक कच्चा वाळलेला, एक बिस्किट (झिलईशिवाय) भाजलेला, एक झिलईसह पूर्ण भाजलेला. तिन्ही शेजारी ठेवले की आकसणे म्हणजे काय हे न लिहिता कळते, आणि ड्रेस्डेनच्या प्राण्यांना तडे का गेले हेही. चौथा हवा असेल तर मुद्दाम तडकलेला करून देईन. तो करायला आम्हाला मुद्दाम काही करावे लागत नाही. पैसे नकोत, पावती पुरे. ज्या संग्रहालयाला हे मान्य असेल त्याने साच्यासाठी प्राणी कोणता हवा तेवढे कळवावे. माझी शिफारस गेंड्याची आहे.

आपली,
पोर्सेलीनवर काम करणारी एक शिक्षिका, पुणे